बाहीवरचा ढिवर

"आजोबा, हात द्या," बोटीतला जवान म्हणाला.

दादाजींनी हात पुढे केला नाही. घराच्या स्लॅबच्या कडेला उकिडवे बसून ते त्या पोराच्या बाहीकडे पाहत राहिले. निळ्या कापडावर पंख मिटून बसलेला ढिवर, म्हणजे खंड्या पक्षी, आणि त्याच्या पायाखाली पाण्याच्या तीन रेघा.

वैनगंगा रात्रीतून गावात शिरली होती आणि आता सकाळच्या धुक्यात निवांत पसरली होती. बांध कुठे, रस्ता कुठे, काही कळत नव्हतं. कडुलिंब गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. शेजारीपाजारी गावच्या डोंग्यांतून सावली गावाकडे निघून गेले होते. रुखमाबाई तेवढी निघाली नव्हती. मासेमारी करणाऱ्या ढिवराघरची बाई, पण नवरा बुडून गेल्यापासून तिने कधी नावेत पाय ठेवला नव्हता. तिला एकटी सोडवेना, म्हणून दादाजीही थांबले होते.

"पूल बांधणाऱ्या पलटणीचा का तू?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याच पलटणीत हवालदार होतो, बाबू."

जवान डगमगत्या बोटीतच ताठ उभा राहिला. त्याच्या छातीवर नाव होतं, प्रणित. बोलण्यावरून सांगलीकडचा वाटत होता.

दादाजी आणि रुखमाबाईचा नवरा बरोबरच भरती झाले होते. दोघंही ढिवर आहेत हे कळल्यावर सुभेदार हसून म्हणाले होते, पलटणीचं चिन्ह तर तुमच्याच घरचं निघालं. पक्ष्याचे पंख मिटलेले का, तेही त्यांनीच सांगितलं. उडणाऱ्याचं लक्ष वाऱ्याकडे असतं, बसलेल्याचं पाण्याकडे. आणि पक्षी दोन्ही बाह्यांवर पुढेच पाहणार, म्हणून डाव्या बाहीचा बिल्ला वेगळा विणायचा. लाटा तेव्हा दोनच होत्या; एक जातानाची, एक परत येतानाची.

मग डोंगरातल्या एका नदीवर तरंगता पूल टाकताना दोर अडकला. तो सोडवायला रुखमाबाईचा नवरा खाली उतरला. दोर सुटून वर आला, माणूस आला नाही. पुढच्या हिवाळ्यात नवे बिल्ले आले, तेव्हा दोन लाटांखाली तिसरी होती. ती कुणासाठी, ते साहेबांनी परेडवर तोंडीच सांगितलं.

सुटीवर आल्यावर दादाजींनी हे रुखमाबाईला सांगितलं होतं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. "हं," एवढंच म्हणाली आणि पाखडत राहिली. बिल्ला मात्र त्यांनी तिला कधी दाखवला नाही. माणसाच्या जागी सुताची रेघ तिच्या हातावर ठेवणं त्यांना जमलं नाही.

"वयनी, इकडे पाय," आता दादाजी जवानाच्या बाहीकडे बोट दाखवून म्हणाले.

"मले नाई यायचं, भाऊ. तुमी जा."

"येऊ नोको. नुसती पाय. ह्या पोराच्या बाहीवर, खालची रेघ."

जिन्याची भिंत धरत ती कडेपर्यंत आली. कशासाठी ते न कळताही जवानाने हात वर धरला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"हेच का ते?"

"हेच."

"इतकी बारीक," ती म्हणाली. मग लुगडं गुडघ्यांत आवळून ती स्लॅबवर बसली आणि एक पाय बोटीत सोडला.

पाण्याखाली तारा होत्या, म्हणून जवानाने इंजिन बंद ठेवून वल्ही घेतली. बोट रुखमाबाईच्या अंगणावरून गेली, हातपंपावरून गेली, शाळेच्या फाटकावरून गेली. पुढे उथळ पाण्यात धानाची रोपं हिरवी, संथ हलत होती. रुखमाबाईने बोटांची टोकं पाण्याला लावली, चटकन काढली आणि थोड्या वेळाने पुन्हा लावली.

"बाबू," तिने विचारलं, "त्या रेघा कायच्या हायेत?"

"ट्रेनिंगला शिकवतात आजी. पहिली हिंमत, दुसरी शिस्त, तिसरी सेवा."

तिने दादाजींकडे पाहिलं. दादाजी पाण्याकडे पाहत होते. पोरगं खोटं बोलत नव्हतं. इतक्या भरत्या होऊन गेल्या. परेडवर तोंडी सांगितलेलं एक नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं असणार. आणि त्याच्या जागी आलेला अर्थही काही वाईट नव्हता. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"तिसरी माणसाची हाय," रुखमाबाई हळूच म्हणाली. "आमच्या घरच्या. पूल बांधता बांधता गेले."

जवानाचं वल्हं थांबलं. थेंब गळत राहिले. "नाव काय होतं त्यांचं?"

दादाजी उत्तर द्यायला वळले. रुखमाबाईने नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. मतदानाच्या वेळी, पेन्शनच्या वेळी, दरवेळी ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. पण तिने हाताने दादाजींना थांबवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"पत्रू," ती म्हणाली.

"पत्रू," जवान म्हणाला. त्याने एकदा आपल्या बाहीकडे पाहिलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

धुकं विरळ होत होतं. लांब उंचवट्यावर माणसं उभी दिसू लागली. रुखमाबाईने ते नाव पुन्हा एकदा घेतलं, अगदी हलक्या आवाजात. घरात आहे का म्हणून कुणाला हाक मारावी, तसं.