भिंतीकडे तोंड केलेला फ्रीज

मित्रांनो, मी एक म्हातारा फ्रीज आहे. माझी घरघर ऐकून तुम्ही कानांत बोटं घालाल, पण घटकाभर थांबा. मला एका आजोबांबद्दल सांगायचंय.

माझं तरुणपण आइस्क्रीमच्या दुकानात गेलं. काय तो थाट! काचेचं दार, आत दिवा आणि काचेला नाकं चिकटवून उभी असलेली मुलं. पुढे दुकान बंद पडलं आणि मी भंगारात गेलो. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. आता आपलं संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

तिथून मला उचललं ते ताईनं. ताई फ्रीज दुरुस्त करायची. कोपराला सदा ग्रीस आणि तोंडाचा पट्टा चालू. हॉटेलांत कामाला जाता जाता तिनं पाहिलं, की रोज पातेलीच्या पातेली चांगलं अन्न कचऱ्यात जातं आणि मागच्याच गल्लीत लोक उपाशी झोपतात. तिनं मालकांना सरळ सांगितलं, "मजुरी निम्मीच द्या. बाकीच्याचं जेवण द्या. पण कुणाच्या ताटातलं उष्टं नको, पातेल्यातलं हवं." मालक हसले, पण कबूल झाले. ती गरम अन्न पसरट ट्रेमध्ये ओतायची, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून निववायची, मग डबे भरून माझ्या पोटात ठेवायची. "गरम ठेवलं तर आंबेल. फुकटचं झालं म्हणून आंबलेलं कुणी का खावं?" असं मलाच बजावायची.

मला दुरुस्त करून तिनं रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं, ज्याला भूक असेल त्यानं डबा न्यावा म्हणून. सुरुवातीला एकही डबा हलला नाही. काचेच्या दारासमोर उभं राहिलं की सगळा रस्ता बघणार! ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. अहो, पण ज्याच्यावर मागायची वेळ येते ना, त्यालाच भांडं का लपवावंसं वाटतं ते ठाऊक. ताईनं हे ओळखलं. तिनं माझी काच रंगवली, दिवा काढला आणि मला बोळात नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मधे एक माणूस मावेल एवढीच जागा. मी जाम रुसलो. पण त्याच संध्याकाळी डबे जाऊ लागले. कुणी कुणाला काही विचारायचं नाही आणि धुतलेला डबा माझ्या डोक्यावर पालथा ठेवायचा, एवढीच रीत होती.

आजोबा तिन्हीसांजेला यायचे. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरू लागले आणि काम सुटलं. सदरा कडक इस्त्रीचा, बुटांना पॉलिश. त्यांचा डबा कधी पालथा नसायचा. झाकण लावलेलं आणि आत पुदिन्याची चार पानं, खिडकीतल्या कुंडीतली. "रिकामं भांडं परत करू नये रे," असं मला हळूच सांगायचे. ताई ती पानं चहात टाकायची आणि साऱ्या गल्लीला ऐकवायची, "आज चहा आजोबांकडून!"

मग माझं नाव झालं, कौतुक झालं. एक मोठी संस्था आली. आणखी फ्रीज देऊ म्हणाली, पण माणसं खरंच जेवतात याचे फोटो हवेत. ताईच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या वस्त्यांतली भुकेली पोरं होती. ती हो म्हणाली. तिला स्वतःसाठी काही नको होतं, हे मी शपथेवर सांगतो.

माझी काच खरवडली, दिवा लावला, मला रस्त्याकडे वळवलं. पण फोटोला कुणी उभं राहीना. शेवटी ताई म्हणाली, "आजोबा, तुम्ही राहाल का? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी राहीन गं पोरी."

फोटोवाला म्हणाला, "आजोबा, सदरा जरा चुरगळून घ्या. आणि हसू नका."

तो फोटो मोठा करून माझ्याच अंगावर चिकटवला. हातात डबा धरलेले आजोबा आणि खाली ठळक अक्षरं : 'आज हे उपाशी झोपणार नाहीत.' उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात. इथे तर जाणाऱ्या-येणाऱ्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा भर दुपारीच आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग आदल्या दिवशीचा डबा माझ्या डोक्यावर ठेवला. धुतलेला, पालथा, रिकामा. नवा डबा न घेताच ते गेले. तो पालथा डबा ताईनं उचलून आत पाहिलं. पुदिन्याचं एकही पान नव्हतं.

ती जेवण घेऊन त्यांच्या खोलीवर गेली. दाराआडून आवाज आला, "मी जेवलोय गं." ती रोज जायची आणि रोज तेच उत्तर घेऊन परतायची. "माझ्यावर रागावलात का हो?" असं तिनं एकदा विचारलं. "तुझ्यावर कसला राग? पोट भरलंय माझं," एवढंच ते म्हणाले.

थंडी सरता सरता आजोबा गेले. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ताई त्यांच्या खोलीतून पुदिन्याची कुंडी घेऊन आली आणि माझ्या दाराला कपाळ टेकून रडली. "त्यांच्या शेगडीवर धूळ होती रे, धूळ!" ती म्हणाली. मित्रांनो, मला डोळे नाहीत, नाहीतर मीही रडलो असतो.

तिनं तो फोटो खरवडून काढला. डिंकाचा डाग अजून आहे. संस्थेचे फ्रीज काही आले नाहीत. मी पुन्हा बोळात उभा आहे, डोक्यावर कुंडी घेऊन. आता माझ्यात पूर्वीचा दम नाही आणि ताईही पूर्वीसारखी बडबडत नाही.

मित्रांनो, भुकेल्याला जरूर द्या. पण देताना जरा माझ्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं राहा. आजोबांना तेवढंच हवं होतं.