माशांचे सर

जया धक्क्याच्या शेवटच्या फळीवर पालथी पडून पाण्यातली शेव गाळत होती. स्वयंपाकघरातला झारा तिने बांबूला बांधून लांब केला होता. झाऱ्यात शेव येत होती, फुगलेले शेंगदाणे येत होते, केकवरच्या गुलाबी क्रीमचे गोळे येत होते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता आणि सकाळच्या उन्हात तो उगाचच सुंदर दिसत होता. मग झाऱ्यात एक चिलापी मासळी आली, पोट वर करून. तिच्यामागे आणखी एक.

"काल वाढदिवस हुता कुनाचा तरी," बोटीचा दोर खुंट्याला बांधत बिभीषण म्हणाला. "आर्धा केक पान्यात टाकला. मासं नुसतं उकळल्यागत वर आल्तं. लोकांनी लई शूटिंग केलं."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी कुनाला न्हाई म्हनू, ताई? मानसं माशांसाठीच येत्यात की हितं."

ते खरंच होतं. मुळेच्या धरणाच्या फुगवट्यात एका टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला होता. त्यावर जया आणि तिचा नवरा जोशुआ यांनी मोजक्या खोल्या बांधल्या, दोन कडूलिंबांच्या मध्ये झोपाळा टांगला आणि त्याला 'बेट' असं नाव दिलं. पहिल्या वर्षी रविवारीसुद्धा पाहुण्यांची वाट बघावी लागायची. मग कुणीतरी जोशुआच्या वडिलांचा व्हिडिओ काढला. धक्क्यावर बसलेले, पांढऱ्या मिशांचे आमोससर पाण्यात हात बुडवून चपातीचा तुकडा धरतात आणि हाताएवढा रोहू येऊन तो अलगद काढून घेतो. खाली कुणीतरी लिहिलं, 'माशांचे सर'. त्यानंतर राहुरीच काय, नगर-संगमनेरहूनही लोक पावाच्या लाद्या घेऊन यायला लागले.

लोकांना माहीत नव्हतं ते जयाला माहीत होतं. सासूबाई, नॅन्सीमम्मी, गेल्या, तेव्हा जोशुआने वडिलांना नगरच्या घरातून इथे आणलं. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेला, वर्गात सतत बोलणारा तो माणूस कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताट खोलीत जायचं आणि निम्मं परत यायचं. एके दिवशी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिळी चपाती आहे का गं? खाली मासे आलेत." त्या दिवशी जयाने चपाती दिली, आणि ते पायऱ्या उतरून जाईपर्यंत पदराने डोळे पुसले. तेव्हापासून ती रोज पहाटे माशांसाठी वेगळी कणीक मळत होती. शिळं कशाला द्यायचं, असं तिला वाटे.

आणि आता त्याच माशांना खायला घालणं बंद करायचं होतं.

"पाटी लावू," दुपारी ती जोशुआला म्हणाली. "माशांना काही टाकू नका म्हणून."

"मग लोक कशाला येतील?"

"बघायला येतील."

"काय बघायला? खायला टाकलं नाही तर मासा वर येतो होय?" जोशुआने वडिलांच्या खोलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि पप्पांना कोण सांगणार?"

खरी अडचण तीच होती. पाहुण्यांना नाही म्हणायचं आणि सासऱ्यांना हो, असं चालणार नव्हतं. हल्ली ते धक्क्यावर येत नसत. रविवारी गर्दी जमली की गुडघा धरून बसत. त्या गुडघ्यासाठी जयाने राहुरीहून दोन प्रकारची तेलं आणली होती आणि रोज संध्याकाळी ते मुकाट्याने चोळून घेत. पण सकाळी चपात्यांचा डबा घेऊन बेटाच्या मागच्या अंगाला, खडकांकडे मात्र न चुकता जात. तेवढ्या एका गोष्टीसाठी ते उठत होते. ती काढून घेतली तर?

दोन दिवस तिने ढकलले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन निघाले, तेव्हा तीही थोड्या अंतराने मागून गेली. काय बोलायचं ते मनात जुळवत होती. पप्पा, रागावू नका. पप्पा, तुम्ही म्हणाल तसं करू.

खडकांच्या अलीकडे घाणेरीची झुडपं होती. तिथे ती थांबली.

आमोससर एका सपाट दगडावर मांडी घालून बसले होते. गुडघा दुखणारा माणूस अशी मांडी घालत नाही, हे आधी तिच्या लक्षात आलं. त्यांनी डबा उघडला, चपातीचा तुकडा तोडला, पाण्याकडे पाहिलं आणि तो तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग दुसरा तोडला. खिशातून हिरवी मिरची काढली, तिचा एक चावा घेतला, आणि सगळ्या चपात्या अशा निगुतीने संपवल्या की डब्याला लागलेलं पीठसुद्धा बोटाने पुसून घेतलं. पाण्यात एक कणही पडला नाही.

जयाच्या पायाखाली काटकी मोडली.

त्यांनी वळून पाहिलं. ओठांवरचं पीठ पुसायला हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"श्रावणापासून."

"श्रावणापासून तुम्ही माझ्या चपात्या खाताय?"

"चांगल्या असतात," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून डबा बाजूला ठेवला. "ये, बस इथे."

ती बसली. समोरच्या उथळ पाण्यात बुडालेलं गवत वाऱ्याशिवायच डुलत होतं. बोट दाखवत ते सांगू लागले, आणि त्यांचा आवाज जयाने कधी न ऐकलेला, वर्गातला झाला.

"नवं पाणी आलं तेव्हा इथे मरळीची पिल्लं होती. लाल असतात लहानपणी. कुंकू सांडावं तसा त्यांचा पुंजका वर यायचा, खाली जायचा. आई-बाप दोघं खाली पहाऱ्याला. मी रोज बघायचो. मग एक दिवस मला काय वाटलं कोण जाणे, त्यांच्यासाठी म्हणून तुकडे टाकले. त्यांनी खाल्लेच नाहीत. पण वासावर चिलापींची झुंड आली. एवढी, की पाणी काळं झालं. चपाती संपली, तशी ती झुंड पिल्लांवर पडली." त्यांचं बोट गवतावरच राहिलं. "मरळींनी पुष्कळ केलं. दोघंच किती पुरी पडणार. संध्याकाळपर्यंत ती त्याच जागी फिरत होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू पहाटे उठून कणीक मळायचीस. खोलीत आवाज यायचा मला." त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "म्हटलं, नको म्हणालो तर तुला वाटेल, पप्पा परत पलंगाला चिकटले. आधीच फार काळजी केलीस माझी."

जयाला हसूही येईना आणि रडूही. शेवटी तिने विचारलं, "आणि गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे. धक्क्यावर गेलो की सगळे म्हणतात, सर, मासा बोलवा. म्हणून." मग ते म्हणाले, "तेल मात्र चांगलं आहे. झोप लागते."

आता मात्र जया हसली. हसता हसता तिला खोकला लागला, आणि ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. थोपटता थोपटता तेही हसत होते. त्यांच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली होती. इतके दिवस तिला वाटत होतं की त्यांना बेटाची हवा मानवली.

तिने केकचं आणि मेलेल्या माशांचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग खडकाच्या कपारीतून एक प्लास्टिकची बादली काढली. तिचा तळ गोल कापून तिथे खिडकीची काच बसवलेली होती आणि कडेने एम-सील थापलं होतं.

"ही पाण्यावर ठेव. थोडी दाब. आता आत बघ. हलू नकोस, सावली पडू देऊ नकोस."

जयाने बादलीत तोंड घातलं. आधी नुसता हिरवा उजेड दिसला. मग गवताची पाती दिसली, पात्यांना चिकटलेले हवेचे बारीक मणी दिसले. पात्यांच्या मधून एक लांब, काळसर अंग अगदी आळसात पुढे सरकलं आणि थांबलं. त्याच्या वर, पाण्यात तरंगत, लाल ठिपक्यांचा एक ढग होता. ढग श्वास घेतल्यासारखा आवळायचा आणि सैल व्हायचा.

"पप्पा," ती बादलीतूनच म्हणाली, "परत झालीत!"

"हळू बोल," ते म्हणाले.

रविवारी पाटी लागली. पाहुणे बोटीतून उतरत, पाटी वाचत, तोंड वाकडं करत. पावाच्या लाद्या जोशुआने गोळा करून स्वयंपाकघरात ठेवल्या आणि जाताना परत नेण्याची विनंती केली. एक गृहस्थ म्हणाले की पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ. जोशुआने जयाकडे पाहिलं. जयाने नजर दुसरीकडे वळवली.

पारनेरकडून एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून आणि हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली आई. विजयमालाबाई त्यांचं नाव. पिशवीत हळद घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्या होत्या. रात्री बसून वळलेल्या, एकसारख्या.

"माशाला घास घालायलाबी बंदी व्हय?" त्या जयाला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आमच्या तिकडं पानी कुठलं आलं, बाई. आमच्या मालकांला लई हौस. म्हनायचे, एकदा धरनावर जाऊ, माशांना खाऊ घालू. त्ये तर गेले. म्हनलं, मीच जाऊन येते."

जयाने पाटीकडे पाहिलं. पाटीवर लिहिताना शब्द किती सोपे वाटले होते. ती चाचरत काहीतरी म्हणणार, एवढ्यात पायऱ्यांवरून आमोससर खाली आले. एका हातात बादली होती. रविवार असून ते धक्क्यावर आले होते. 'सर आले, सर आले,' म्हणत दोघाचौघांनी मोबाईल वर केले, पण ते कुणाकडे न बघता थेट विजयमालाबाईंसमोर उभे राहिले.

"मीसुद्धा घालत होतो," ते म्हणाले. "प्रेमानेच घालत होतो. त्याने काय झालं ते सांगतो. जरा मागच्या बाजूला येता का?"

विजयमालाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाईलमध्ये होता. त्यांनी पिशवी सुनेच्या हातात दिली, पदर खोचला आणि निघाल्या.

त्यांच्यामागून बाकीचेही काही जण गेले. एकामागून एक बादलीत डोकावले. पण इतक्या माणसांच्या पावलांनी मरळ पिल्लांना घेऊन खोल गवतात शिरली असावी. "काहीच नाही दिसत," कुणीतरी म्हणालं. "नुसतं गवत." हळूहळू सगळे झोपाळ्याकडे आणि जेवणाकडे पांगले.

दुपारी जया तिकडे गेली, तेव्हा ती दोघंच खडकावर होती. मध्ये बादली.

"दिसली का हो?" तिने विचारलं.

"न्हाई अजून," विजयमालाबाई म्हणाल्या. "सर म्हनत्यात, हाय ती हितंच. आज तिला भेटायचं न्हाई, येवढंच."

"वाट बघायला हरकत नाही म्हटलं," सर म्हणाले. मग ते मरळीच्या श्वासाचं सांगू लागले. ती मासा असूनही वर येऊन हवा घेते, असं. विजयमालाबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "आमच्या म्हायेरच्या विहिरीत हुती की अशी, मी ल्हान असताना," आणि मग सर ऐकू लागले. जया आलेल्या पावली परतली. चहा तिने स्वतः नेला नाही. जोशुआला नेऊ दिला. तो परत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"पप्पा तिकडे मोठ्याने हसले," तो म्हणाला.

ऊन कलल्यावर परतणाऱ्यांची बोट भरली. विजयमालाबाईंचा मुलगा बोटीत उभा राहून हाका मारू लागला. "आई! चल, निघायचंय!"

टेकडीच्या कडेला, मागच्या खडकांच्या टोकावर बाई दिसल्या. त्यांनी हात वर केला, बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि पुन्हा खाली वाकल्या. त्यांच्या शेजारी पांढरं डोकं तितकंच वाकलेलं होतं.

"आता काय करावं हिला," मुलगा म्हणाला. "मागून बोट आहे का अजून?"

"न्हाई ओ," दोर सोडत बिभीषण म्हणाला. "ही शेवटली खेप. पलीकडं सोडलं की मी बी घरी."

जयाने धक्क्यावरून वाकून बोटीची कड धरली.

"आहे," ती म्हणाली. "ह्यांना सोडून परत या, बिभीषणभाऊ. आज एक खेप जास्त आहे."