एकही तडकत नाही

आमच्या शूटिंग क्लबच्या लोडिंग रूमचा एक नियम आहे: मोजणी जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या इथे पुन्हा भरतात. शंभर आत आल्या तर, तडकलेल्या धरून, शंभरच पेटीत जायला हव्यात. दाराचं कार्ड मुनाफचाचांच्या गळ्यात. चाचा रत्नागिरीचे, बावीस वर्षं दोह्यात, आणि नियमाला एकदम पक्के.

आज पेटीत नव्याण्णवच झाल्या. शंभरावी माझ्या कंपासपेटीत होती.

हो, मीच ठेवली! सायन्स फेअरला मी भारी विषय घेतला होता: तिप्पट किमतीच्या पुंगळ्या घेण्यात अर्थ आहे का? पन्नास स्वस्त, पन्नास महाग. क्लबचे शूटर्स झाडणार, चाचा परत भरणार, मी भिंगातून प्रत्येकीची मान तपासणार. पाच फेऱ्यांत स्वस्तातल्या अकरा तडकल्या, महागातली एकही नाही. सहावी फेरी बाकी असतानाच मी नजम्यातल्या छपाईच्या दुकानातून पोस्टर छापून आणलं. वीतभर अक्षरं: महाग पितळ एकही तडकत नाही!

आणि आज महागातली एक तडकली. केसाएवढी रेघ. हात आपोआप कंपासपेटीकडे गेला.

"परत मोज," चाचा म्हणाले.

मोजल्या. नव्याण्णव.

खोलीला खिडकी नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये. दाराच्या हातभर काचेपलीकडे बाबा, काखेत माझं पोस्टर. घड्याळावर बोट आपटत होते. चारला फेअर, सव्वातीन वाजलेले. काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठ "यल्ला, यल्ला", चल लवकर, म्हणत होते.

"चाचा, एकच तर आहे. नंतर शोधू ना!"

"एक कमी म्हणजे वर कळवायचं. मग चौकशी संपेपर्यंत तुझा साहेब बाप पण आत येऊन बसेल," असं म्हणत ते टेबलाखाली शिरले. गुडघा कटकन वाजला.

"चुंबक फिरवू का?" मी उगाच उत्साह दाखवला.

"पितळ ते, पोरी. चुंबकाला भाव देत नाही. एवढी सायंटिस्ट तू!"

एरवी मी खो खो हसले असते. आता कंपासपेटी मांडीवर विटेसारखी जड झाली होती. चाचा फरशीवर हात फिरवत पुढे सरकत होते, अगदी माझ्या बुटांपर्यंत आले. बुटांच्या आजूबाजूला चाचपलं. मला उठून उभं राहायला सांगितलं. माझ्या पेटीकडे, बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाचा, वर या. माझ्याकडे आहे."

त्यांनी पुंगळी दिव्याखाली फिरवली. रेघ दिसली. मग काचेबाहेरचं पोस्टर दिसलं.

"ह्याच्यासाठी मला लोळवलंस?"

"सॉरी."

"सॉरी काय, रजिस्टरमध्ये लिही. कुठे सापडली ते. तुझ्या हाताने."

मी लिहिलं: मालविकाच्या कंपासपेटीत. खाली सही. चाचांनी वाचलं, गळ्यातलं कार्ड धरलं, पण लावलं नाही. टेबलावरचा जाड काळा मार्कर माझ्या हातात दिला.

"आता लावतो," म्हणाले.

दार उघडलं. "खलास? निघायचं?" बाबा ओरडले.

"दोन मिनिटं, बाबा. पोस्टर जमिनीवर पसरा."

'एकही तडकत नाही' वर मी काट मारली. पण वर 'पन्नासात एक तडकली' बसेना, जागाच ठेवली नव्हती. शेवटी समासात लिहिलं, तिरकं.