बाईंच्या नावाचा बेडूक

बेडकांच्या डीएनएवरून कॉम्प्युटरवर त्यांची वंशावळ जुळवता जुळवता एका विद्यार्थिनीची पीएचडी चांगलीच रखडली होती. अखेर वंशावळ जुळली आणि पंचाईत झाली. तिच्या सरांनी तरुणपणी शोधलेली, जिच्या जिवावर ते आजवर मिरवत आले ती दुर्मिळ जात म्हणजे डबक्यातला साधा बेडूकच निघाला.

"प्रोग्राम चुकलाय," सर म्हणाले. विद्वानांचं कधी चुकत नसतं, म्हणून तिने मुकाट्याने प्रोग्राम पुन्हा चालवला. बेडूक काही दुर्मिळ होईना.

मग सरांनी हळूच दार लोटलं. "अगं, त्या जातीला मी आमच्या हिचं नाव दिलंय. आता ते नाव रद्द होणार, हे घरी कोण सांगणार? तूच चल."

अशा रीतीने उत्क्रांतीचं शास्त्र सरांच्या दिवाणखान्यात पोचलं. तिने चाचरत सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"सुटले गं बाई! लोक बायकोला दागिना देतात, यांनी बेडूक दिला. सासरी मला अजून बेडकी म्हणतात."

दुसऱ्या दिवशी विभागात मात्र सरांनी ऐटीत जाहीर केलं, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

तिने आदराने मान डोलावली. पीएचडी अजून मिळायची होती.