राहूकाळातलं एकच मत

आमच्या पिळ्ळैयार कोविल, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या, तिसऱ्या गल्लीत विजेच्या खांबावर नोटीस चिकटली ती शनिवारी. रविवारच्या इडल्या पोटात जायच्या आत गल्लीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागला होता.

नोटीस तशी साधी होती. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून कचऱ्याची गाडी जात नाही, म्हणून यापुढे एकाच बाजूला गाड्या लावायच्या. कुठल्या बाजूला, ते रहिवाशांनी सांगायचं. मंगळवारी दुपारी तीन वाजल्यापासून वॉर्ड ऑफिसचा कारकून कोपऱ्यावर बसेल, त्याच्या वहीत प्रत्येक घरानं मत लिहून सही करायची. जी बाजू ठरेल तिथल्या कुंड्या, विटा, दगड महापालिका उचलून नेईल.

ही शेवटची ओळ सगळ्यांना झोंबली. आमच्याकडे दारासमोरची जागा रस्त्याची असली तरी ती घराचीच समजतात. ती राखायला कुणी कुंडी ठेवतं, कुणी फुटकी बादली. समोरच्या पट्टम्माळ मामींनी तर इडलीचं पीठ वाटायचा जुना दगडी रगडाच रस्त्यावर आणून ठेवलाय. रोज पहाटे त्या सडा घालतात आणि रगड्यापासून उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात. चाळीस वर्षांत एक दिवस खंड नाही.

माझ्या दारासमोर दगड नाही, उतार आहे. सिमेंटचा, फाटकापासून गटारावरून थेट रस्त्यापर्यंत. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची डावी बाजू गेली; सभापती हे त्यांचं नावच, पद नव्हे. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत असतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी व्यायामाच्या दवाखान्याची व्हॅन येते, उताराच्या तोंडाशी उभी राहते आणि खुर्ची अलगद आत जाते. तिथे दुसरी गाडी उभी असली की सगळं अडतं.

मागच्या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी तसं झालं होतं. समोरच्या दंडपाणींची पांढरी मोटार नेमकी उताराला आडवी लावलेली, आणि ते स्वतः बसनं परगावी लग्नाला गेलेले. शेवटी दूधवाला, व्हॅनचा ड्रायव्हर आणि आणखी दोघांनी ह्यांना हातांवर उचलून मोटारीच्या कडेनं नेलं. गल्ली बघत होती. बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून हिरवी-लाल झेंडी दाखवलेला माणूस, लग्नातल्या पाटासारखा उचलला गेला. त्यानंतर ते दोन महिने व्हॅनमध्ये बसायला तयार झाले नाहीत. तेवढ्यात डावा खांदा असा आखडला की अजून तो हात डोक्यापर्यंत जात नाही.

म्हणून आमच्या बाजूला गाड्या लागायचं ठरलं तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवारी दुपारी मामी आल्या. फाटकातच उभ्या राहून म्हणाल्या, "टीचरम्मा, परवा टेप धरून गल्ली मोजणारा माणूस आला होता ना, तो कुणाच्या घरी कॉफी प्यायला, सांगा बघू."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणे! दंडपाणीच्या. दोन वेळा प्यायला. दुसऱ्यांदा तर मुरुक्कूची बशी होती. मी खिडकीतून मोजलं."

"मामी, मुरुक्कूच्या चकल्यासुद्धा मोजल्यात?"

"हसा तुम्ही. तो पुढच्या खोलीचं दुकान काढणार आहे. स्वतःचं दार मोकळं ठेवायचं आणि गाड्या तुमच्या दारात कोंबायच्या, असा डाव आहे. दंडपाणी हे नाव मुरुगन देवाचं आणि सदरा नास्तिकांचा, काळा! ज्याला देवाचा भरवसा नाही, त्याला शेजाऱ्याची काय पर्वा?"

दंडपाणी देवधर्म न मानणाऱ्या जुन्या स्वाभिमान चळवळीतले. बारा महिने काळा सदरा. गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्यांना ते चहा पाजतात आणि रिकाम्या हातानं परत पाठवतात. राहूकाळात मुद्दाम घराबाहेर पडतात, आणि स्वतःचं लग्नही त्यांनी राहूकाळातच केलं होतं, असं सांगतात. मला त्यांचा राग त्यासाठी नव्हता. त्या मोटारीबद्दल त्यांनी कधी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, त्यासाठी होता. त्यामुळे मामींचं बोलणं मला पटलं. पटायला फार वेळ लागला नाही, हेही खरं.

मंगळवार आला. कारकून तीनला पाच मिनिटं असताना आला. तमिळमणी नावाचा सडपातळ तरुण. चहाच्या टपरीतून खुर्ची मागून घेतली, मांडीवर वही उघडली आणि बसला. आणि गल्लीत एकही दार उघडलं नाही.

मंगळवारी तीन ते साडेचार राहूकाळ. आमच्याकडे त्या दीड तासात कुणी नवा नारळ फोडत नाही, प्रवासाला निघत नाही, कशावर सही करत नाही. त्यातून दारासमोरच्या जागेची सही! पडद्यांच्या फटींतून मात्र डोळे दिसत होते.

मामींचा फोन आला. "वेळ बघितलीत? कुणी सुचवली असेल ही वेळ?"

"सरकारी वेळ आहे, मामी. त्यांना कुठलं पंचांग?"

"त्या पोराच्या घरी पंचांग नाही? कपाळावर विभूती आहे त्याच्या, इथून दिसतेय. थांबा साडेचारपर्यंत. सरकारी माणूस एकदा खुर्चीत बसला की सहज उठत नाही."

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. घड्याळातला प्रत्येक तास साठ मिनिटांचाच असतो, त्यातला एक चांगला आणि एक वाईट असं काही नसतं, हे शेकडो मुलांना फळ्यावर वर्तुळ काढून सांगितलं. त्या दिवशी मी पेन हातात घेऊन दारामागे उभी होते. माझ्या एकटीचं काही असतं तर गेले असते. पण प्रश्न ह्यांचा होता, आणि जे काही चुकलं ते राहूकाळामुळे, असं पुढे आयुष्यभर वाटत राहिलं तर?

"जा," खुर्चीतून सभापती म्हणाले. आजारानंतर ते एकेक शब्द जपून वापरतात.

"जाते. साडेचारला."

त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं.

सव्वातीनला समोरचं फाटक वाजलं. इस्त्रीचा काळा सदरा घालून दंडपाणी बाहेर आले, रमतगमत कोपऱ्यावर गेले, वहीत काहीतरी लिहिलं, सही केली. मग कारकुनाला चहा पाजला, स्वतः प्यायले आणि परत आले. चार वाजून दहा मिनिटांनी तमिळमणीनं वही मिटली, स्कूटरला किक मारली आणि तो गेला.

साडेचारच्या ठोक्याला गल्लीतली दारं एकदम उघडली. माणसं पेनं घेऊन, काही जण तर खांद्यावर नवं उपरणं घेऊन बाहेर आली. कोपऱ्यावर रिकामी खुर्ची होती आणि टपरीवाला ती पुसत होता.

"चारपर्यंतच म्हणाला होता," टपरीवाला म्हणाला.

"नोटिशीत 'तीन वाजल्यापासून' होतं!"

"खाली बारीक अक्षरात 'चारपर्यंत' आहे, मामी. मी वाचलंय."

"मग बोलला का नाहीस? तुझाही ह्यात हात आहे का?"

त्या संध्याकाळी गल्लीत दुसरा विषय नव्हता. वेळ दंडपाणींनीच ठरवली. चहा म्हणजे लाच. कारकून त्यांच्या बायकोच्या माहेरचा. बुधवारपर्यंत तो त्यांचा भाचा झाला होता. मी वॉर्ड ऑफिसात फोन केला तेव्हा उत्तर आलं, "मुदत संपली, अम्मा. आता निर्णयानंतर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या."

गुरुवारी मला राहवेना. मी रस्ता ओलांडून त्यांच्या फाटकाशी गेले. दंडपाणी मोटार पुसत होते.

"तुम्ही वहीत काय लिहिलंत?" मी सरळ विचारलं.

"या, टीचरम्मा. आज राहूकाळ संपलाय वाटतं."

"टोमणे नंतर मारा. गाड्या कुठल्या बाजूला?"

"ह्या. आमच्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वर्गात मी खोटं बोलणारी मुलं कानांवरून ओळखायची. दंडपाणींचे कान शांत होते.

"तुमच्या बाजूला कशाला?"

"गाडी माझ्या खिडकीखाली हवी मला, डोळ्यांसमोर. हे बघा." त्यांनी मोटारीच्या डाव्या अंगावरून बोट फिरवलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत लांबच लांब ओरखडा होता. "पोंगलला तुमच्या दारात लावली होती, तेव्हाचा. परत आलो तर हा. मला तुमच्या घराचा संशय आहे. आधीच सांगून टाकतो."

"आमच्या घराचा? घरात माणसं दोन. एक खुर्चीत आणि दुसरी मी!"

"म्हणून तर कुणाला बोललो नाही. आणि चूक माझी होती, हेही कळलं होतं. पण माफी मागायला यावं तर ओरखडा आठवायचा. ओरखड्याचं विचारावं तर उताराची लाज वाटायची. राहून गेलं."

"आम्ही कुणी असलं काही केलेलं नाही," मी ठणकावून म्हटलं आणि वळले. वळताना तो ओरखडा पुन्हा दिसला. तो सरळ नव्हता. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. चालत्या माणसानं खिळा ओढला असता तर रेघ साधारण एका उंचीवर आली असती. ही रेघ लाटेसारखी होती. चौघांनी उचललेला, पावलागणिक वरखाली होणारा हात अशी रेघ काढेल. आणि घराची किल्ली सभापती कुणाकडे देत नाहीत, ती कायम त्यांच्या चांगल्या, उजव्या मुठीत असते.

घरी आले. ते खिडकीशी बसले होते.

"दंडपाणींची गाडी कुणी ओरबाडली?"

त्यांनी आपल्या उजव्या मुठीकडे बघितलं. मग तोंडाचा अर्धा भाग हसला. "किल्ली," ते म्हणाले.

"आणि मी आत्ता त्यांना शपथेवर सांगून आले!"

"शपथ... कुणी... मागितली?"

सोमवारी खांबावर दुसरी नोटीस लागली. आलेली मतं: एक. गाड्या समोरच्या बाजूला लागतील, आमची बाजू मोकळी राहील. त्याच दुपारी महापालिकेच्या माणसांनी मामींचा रगडा ढकलत फाटकाच्या आत नेला आणि दुसऱ्या पहाटे त्यांच्या सड्याच्या जागेवर कुणाची तरी निळी गाडी उभी होती. मामींनी गाडीच्या चार चाकांमध्ये उरलेल्या जागेत चार ठिपक्यांची रांगोळी काढली आणि तडक माझ्याकडे आल्या.

"गुरुवारी तुम्ही त्याच्या फाटकात होतात. वीस मिनिटं."

"हो."

"आणि सोमवारी तुमची बाजू मोकळी. मी काय दूधखुळी आहे? मला तुम्ही दुकानाच्या गोष्टीत गुंतवून ठेवलंत..."

"दुकानाचं तुम्हीच मला सांगितलंत, मामी!"

"मी सांगितलं, पण तुम्ही ऐकून घेतलंत. आधीच सगळं माहीत असणारा माणूसच इतकं शांतपणे ऐकतो. त्या काळ्या सदऱ्याला कुणाच्या दारातलं पीठ कळत नाही, पण तुम्ही? तुमच्या हळदीकुंकवाला चाळीस वर्षं आले मी."

खरं सांगावं तर नवऱ्याचं नाव येत होतं. न सांगावं तर मामी म्हणत होत्या तेच खरं ठरत होतं. उतार मोकळा झाला होता आणि माझ्या मनावर मात्र चाक रुतून बसलं होतं.

"चल," मागून सभापती म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी किल्लीनं समोरचं घर दाखवलं.

मी खुर्ची उतारावरून खाली घेतली. व्यायामाचा दिवस नसताना ते रस्त्यावर आले, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मामी फाटकात उभ्या राहून बघत होत्या. दंडपाणी बाहेर आले. सभापतींनी मोटारीच्या ओरखड्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"मी," ते म्हणाले. "उचललेला... होतो. राग आला."

दंडपाणींनी मान हलवली. "मला वाटलंच होतं. रेघच तशी आहे." मग ते म्हणाले, "गाडी तिथे लावायला नको होती मी."

"नको होती."

"पण मत बदलणार नाही. गाडी खिडकीखालीच राहणार. तुमच्यावर माझा अजून भरवसा नाही, गार्डसाहेब."

सभापती घशातून हसले. "नकोच... ठेवू."

परत येताना मामी वाटेतच होत्या. "काय ठरलं तुमचं?"

मी सगळं सांगितलं. पोंगल, चौघांचे हात, किल्ली, ओरखडा, खिडकी. एकही गोष्ट गाळली नाही. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"टीचरम्मा," त्या म्हणाल्या, "खोटं बोलायचंच होतं तर जरा बरं तरी बोलायचं. पांगळा माणूस म्हणे हवेतून मोटार ओरबाडतो!"

सभापतींनी किल्ली उंच धरून दाखवली. मामींनी तिकडे बघितलंही नाही.

हरकतीची मुदत अजून होती. मी घरातून फुलस्केप कागद आणला आणि त्यांच्यासमोरच फाटकावर टेकून लिहिला: ठरलेल्या बाजूला गाड्या राहू द्याव्यात, पण पट्टम्माळ यांच्या उंबऱ्यासमोर आठ फूट जागा रोजच्या सड्यासाठी कायम मोकळी सोडावी. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मामींना दिला. म्हटलं, "तुम्हीच नेऊन द्या. त्यात मी काही फेरफार केला असं नको."

मामींनी चष्मा लावून तो वाचला. पुन्हा वाचला. 'आठ' हा आकडा अक्षरात लिहिलाय का, ते बोटानं तपासलं. मग कागद उन्हात धरून त्याची मागची बाजूही पाहिली.