खाडीला दिलेली वाट

गडब गावच्या कमळाकरनं आयुष्यभर होड्यांची भोकं बुजवली होती. त्यामुळे पेणच्या आसावरी बाईंनी जेव्हा स्वतःच्या शिडाच्या बोटीच्या तळाला मोठी भोकं पाडायला त्याला मदतीला बोलावलं, तेव्हा तो काठावर ओढलेल्या बोटीभोवती नुसताच फिरत राहिला.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांची बोट छोटी, फायबरची, बरीच जुनी. मागच्या बसायच्या खळग्यात लाट शिरली की पाणी दोन बारीक नळ्यांतून रेंगाळत बाहेर जायचं. पावसाळ्याआधी एकदा तर मागची बाजू दबून बोट बुडता बुडता वाचली होती.

"बाई, तळाला भोक म्हंजे खाडीला वाटच दिली. पानी उलटं वर नाय येनार?"

"येईल ना, काका. पण बाहेर खाडी जेवढी वर, तेवढंच येईल. आपण बसतो ती जागा त्याच्याहून उंच आहे."

कमळाकरला हे पटलं नाही, पण त्यानं बोट घट्ट धरली. नळ्यांची जुनी प्लास्टिकची तोंडं हातातच भुगा झाली. बाईंनी भोकं मनगटाएवढी रुंद केली, आतून जाड चकत्या बसवल्या, गनमेटल या न गंजणाऱ्या धातूचे व्हॉल्व्ह आवळले आणि तिथून वर खळग्याच्या जमिनीतल्या दोन भोकांपर्यंत रुंद पारदर्शक नळ्या जोडल्या.

भरतीला बोट तरंगली. बाईंनी खालचं झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवला. खाडी नळीत चढू लागली. पाणी वीतभर चढलं आणि थांबलं. मग बाहेरच्या लाटेबरोबर नळीतही हळूच वरखाली होऊ लागलं.

"खाडी जित्ती हाय," तो पुटपुटला.

दोघं शीड उभारून धरमतरच्या बाजूला निघाले. एक मोठा मालवाहू बार्ज जवळून गेला आणि त्याची लाट मागून थेट आत कोसळली. गुडघाभर पाणी झालं. कमळाकर ओंजळीनंच उपसायला वाकला.

"थांबा काका. नुसतं बघा."

दोन्ही भोकांवर भोवरे फिरले. घशातून निघावा तसा घोगरा आवाज झाला. पाणी घोट्याशी आलं, मग तळव्याखाली, आणि खळग्याची ओली जमीन उन्हात चमकू लागली. खाडी आली तशी आपल्या पायांनी निघून गेली होती.

घरी बायकोनं, पुतळीनं, कमळाकरचं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "काहीबाही सांगू नका."

पुढच्या रविवारी ती स्वतः लुगडं खोचून बोटीत येऊन बसली आणि लाटेची वाट बघू लागली.