घेवड्याचा दाणा

गावसभेत मतांची टोपी समोर आली तशी होपस्टिल ब्रॅकेटने मूठ आत घातली आणि दरवर्षीप्रमाणे घेवड्याचा दाणा सोडला.

मक्याचा दाणा म्हणजे ब्रॅकेटला गावातर्फे बोस्टनच्या विधानसभेत पाठवा. घेवडा म्हणजे नको. स्वतःच स्वतःला मका टाकायचा, हा त्याला निव्वळ माज वाटे. टोपी मक्याने भरून यायची, मग त्याच्या एका घेवड्याने काय बिघडणार होतं?

यंदा मात्र गाव चिडलं होतं. डुकरांनी शेतं उकरू नयेत म्हणून त्यांच्या नाकात कडी घालायचा कायदा बोस्टनला झाला होता, आणि त्याच्या बाजूने हात वर केला होता तो ब्रॅकेटनेच. तरी त्याला पुन्हा जायचं होतं, अगदी मनापासून. नदीवरच्या पुलाचं काम त्याने नुकतंच कुठे मार्गी लावत आणलं होतं.

"माझ्या डुकरिणीचं नाक बघ केवढं सुजलंय!" मागच्या बाकावरून जरुबाबेल पाइक ओरडला. "यंदा तिलाच पाठवा बोस्टनला!"

सभागृह खो खो हसलं. ब्रॅकेटही हसला, पण टोपीकडे बघायचा धीर त्याला होईना.

कारकुनाने दाणे बाकावर ओतले, मोजले, पुन्हा मोजले.

"घेवडा एकाने जास्त. ब्रॅकेट, यंदा तुम्ही घरी."

ब्रॅकेटने तळहात विजारीला पुसला.

जरुबाबेल ताडकन उठला.

"कोण रे तो गाढव? मी मका टाकलाय, मका!"

"तू? मघापासून बोंबलत कोण होतं मग?" शेजारच्याने विचारलं.

"बोंबलणं वेगळं, मत वेगळं! आता बोस्टनला भांडणार कोण, तुझा बाप?"

जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला. ब्रॅकेट आढ्याकडे बघत होता.

घरी त्याची बायको थँकफुल चुलीवर मक्याची पेज ढवळत होती. दिवस भरत आले होते, तरी ती काही बसायची नाही.

"पडलो," तो बाकावर बसत म्हणाला.

"अगंबाई! कितीने?"

"एकाने."

तिचा हात थांबला. सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोवर ती पोट सावरत त्याच्याशेजारी बाकावर टेकलीसुद्धा.

"आधीची दोन्ही मुलं झाली, तेव्हा तुम्ही बोस्टनला होतात," ती म्हणाली. मग हळूच, हसू दाबत, "कुणी टाकला असेल हो तो घेवडा? देव त्याचं भलं करो."

ब्रॅकेटने तोंड मिटलं. तो उठला, तिच्या हातातला डाव घेतला आणि पेज ढवळू लागला.